साखळीवरची पात

कारखान्यात साखळी आली त्या दिवशी मी तिच्यावर अशी काही भाळले की विचारू नका. माझ्या सासूची नोकरी तीच साखळी खाणार आहे हे मला जेवणाच्या सुट्टीत कळलं, तोवर मी तिचं कौतुक करकरून टेबलावरच्या बायांना अगदी वीट आणला होता.

कारखाना कपांचा. चांद्याहून, म्हणजे चंद्रपूरहून, वरोऱ्याकडे जाताना रस्त्याच्या अंगाला त्याचं धुराडं दिसायचं. ऐंशीच्या दशकात त्या भागात कोळशाच्या खाणी, वीज, सिमेंट, कागद असं सगळं मोठमोठं चाललेलं, त्यात आमचा चहाच्या कपांचा कारखाना म्हणजे लेकुरवाळीच्या घरातलं शेंडेफळ. सासू तिथे आधीपासून कामाला होती. मी सिंदेवाहीकडच्या धानाच्या मुलखातून लग्न होऊन आले, आणि हळदीचा रंग उतरायच्या आत तिने मला हाताला धरून गेटपाशी नेऊन उभं केलं. "हे माई सून. जिभेनं तिखट हाय, पन हात हलका हाय," असं तिनं मुकादमाला सांगितलं. माझी शिफारस तेवढीच.

तिला मी आत्या म्हणायची. आत्या फळीवाली होती. म्हणजे असं, की चाकावर कप घडायचा, साच्यात जरा आवळायचा, आणि ओलसर असतानाच त्याला कान लावायचा असायचा. चाकाची खोली एका टोकाला, कान लावायचं टेबल, म्हणजे आमचं, दुसऱ्या टोकाला. मधलं अंतर फळीवाल्या बाया तोडायच्या. लांब फळीवर कच्चे कप मांडायचे, फळी डोक्यावर चुंबळीवर घ्यायची आणि चालायचं. कच्चा कप म्हणजे तान्ह्या लेकराची टाळू. बोट जरा जोरात लागलं की गेला. आत्या अशी चालायची की फळीवरचे कप झोपेतून जागे होऊ नयेत. दारात उंबरा होता, पुढं नाली होती, वर पावसाळ्यात गळणारं पत्र्याचं छत होतं. तिच्या फळीवरून कप पडलेला मी पाहिला नाही. दुसरी कोणी फळी घेऊन निघाली की आम्ही श्वास धरायचो, आत्या निघाली की आम्ही गप्पा मारायचो.

नवरा गेल्यावर याच चालण्यावर तिनं घर उभं केलं होतं. धाकट्या मुलीला नागपूरला नर्सिंगला घातलं होतं. मुलगा कमावता झाला, सून कामाला लागली, तरी "मी कोनाच्या हातचं खात नाई बापा," हे तिचं वाक्य दिवसातून एकदा तरी आमच्या घरात वाजायचंच.

आणि मग साखळी आली. छताखालून फिरणारी, चाकाच्या खोलीतून निघून गरम खोलीतून जाणारी, आमच्या टेबलासमोरून सरकत झिलईच्या टाकीपर्यंत पोचणारी, आणि तिथून परत. तिला लोखंडी पाळणे टांगलेले. प्रत्येक पाळण्याला दोन फळ्या, एक खाली, एक वर. खालच्या फळीवर बिनकानाचे कप यायचे. ते आपण टेबलावर उतरवून घ्यायचे, आणि आधी कान लावून ठेवलेले वरच्या फळीवर चढवायचे. सकाळी बटण दाबलं की साखळी एक आचका द्यायची आणि मग चालू लागायची, ती दिवसभर. अहो, कप आपल्या पायांनी चालत आपल्याकडे येतो! उठायला नको, बसायला नको, "अवं फळी आली का" म्हणून ओरडायला नको. गरम खोलीतून निघताना कप नेमका हवा तेवढाच आवळलेला, ना गाळ ना दगड. मी तर म्हणाले, ही काय साखळी आहे, ही तर लक्ष्मी आहे. आत्याची फळी भिंतीला टेकून उभी होती.

सुट्टीत मॅनेजर आला आणि म्हणाला, फळ्या बंद. फळीवाल्या दोघींना त्यानं कपांच्या पेट्यांत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरायच्या कामाला पाठवलं. तणसाच्या धुळीनं आत्याला दमा उठायचा, हे सगळ्यांना माहीत. तिनं सांगितलं, "मी कान लावतो." मॅनेजर हसला. "बसा. पोळा झाला की मालक येणार आहेत साखळी पाहायला. ज्या बाईपाशी माल तुंबला, तिनं त्या दिवशीच घरी जायचं. साखळी कोणासाठी थांबत नाई."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पाण्यात राहून माशाशी वैर कोण धरणार? मी डबा आपटला तेवढा.

आत्या टेबलाशी बसली ती माझ्या शेजारी, माझ्या पुढच्या जागेवर. आम्ही सहा जणी. कान लावणं दिसतं सोपं. साच्यातून काढलेला कान घ्यायचा, दोन टोकांना पातळ माती लावायची, कपाला टेकवायचा, बोटानं सांधा पुसायचा. पण दाब किती द्यायचा ते हातालाच कळावं लागतं. आत्या कान असा दाबायची जसं काही भाकर थापते आहे. कप आत दबायचा. मग ती घाबरून पुढचा इतका अलगद टेकवायची की तो घसरायचा. तेवढ्यात पुढचा पाळणा यायचा. ती खालचे कप उतरवून घ्यायची आणि वर ठेवायला तिच्यापाशी काहीच नसायचं. टेबलावर कप साचत जायचे, साचता साचता वाळायचे. आणि वाळक्या कपाला लावलेला कान भट्टीत गेला की गळून पडतो. म्हणजे उशीर नुसता उशीर राहत नव्हता, त्याची खापरं होत होती.

आता आम्ही काय केलं ते सांगते, आणि हसायचं असेल तर हसा. आम्ही सहाही जणी शेतातून आलेल्या. धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, असो की निंदण, बायका ओळीनं लागतात. प्रत्येकीच्या वाट्याला येणारा पट्टा म्हणजे तिची पात. जिची पात आधी संपते ती बांधावर जाऊन बसत नाही. ती वळते, आणि मागं पडलेलीची पात समोरून काढत येते. एकमेकींना भिडल्या की मग सगळ्या मिळून बांधावर. मागे पडलेलीला सोडून पाणी प्यायला जाणाऱ्या बाईला गावात कोणी धड नावानं हाक मारत नाही. हे आमच्या हाडात. तर आत्यापाशी कप साचलेले दिसले, आणि एकीनं आपले कप संपवून स्टूल सरकवलं. मग दुसरीनं. मी तर शेजारीच होते. बघता बघता सगळ्या आत्याभोवती, आणि कान लावण्याचा असा सपाटा की काय सांगू! माल कसा चट्टामट्टा झाला.

पण शेताला बांध असतो, साखळीला बांध नसतो. आमच्या सगळ्यांच्या जागा रिकाम्या, आणि पाळणे आपले डुलत डुलत पुढं. टाकीपाशी झिलई देणारा म्हातारा भाऊ होता. सवयीनं तो येईल ते बुडवत गेला. मग एकदम त्याचा आवाज आला, "अवं बायांनो! मी कप बुडवून राह्यलो का वाट्या?"

पाहतो तर काय, बुच्च्या, बिनकानाच्या कपांची रांगच्या रांग. चांद्यापासून सिरोंच्यापर्यंत वरण वाढता आलं असतं इतक्या वाट्या. आत्यासुद्धा हसली, पण तिचे डोळे मॅनेजरच्या खोलीकडे होते.

साखळी थांबली. ती थांबवली इंजिनिअरनं. हा माणूस नागपूरचा, स्कूटरवरून यायचा. आधी ऊर्जानगरच्या वीजकेंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यांवर काम करून आलेला. साखळी त्यानंच उभारलेली, म्हणजे वाट्यांचा खरा अपमान त्याचा. मला वाटलं आता हा भडकणार. त्यानं फक्त विचारलं, "तुम्ही सगळ्या इथी काऊन जमल्या?"

मग माझं तोंड सुटलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. "काऊन म्हंजे? जिची पात मागं पडली तिले टाकून जाऊ का? तुमच्या साखळीले माय नाई, बाप नाई. आमाले हाये. तुमी कोळसा वाहून आले, कोळसा काई रुसत नाई. कप रुसते!" आणि त्या भरात त्याला रोवणा, पात, वळून येणं, सगळं सांगून टाकलं. आत्या पदर ओढत होती, तरी सांगितलं.

तो ऐकून घेत होता. हात मागं बांधून, मान वाकडी करून, शाळेतल्या पोरासारखा. आजही मला त्या माणसाचं नवल वाटतं. त्या काळात आमच्यासारख्यांचं बोलणं साहेब लोक ऐकायचे ते घड्याळ बघत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाह्या सारून आमच्या टेबलाशी येऊन बसला. कान लावायला! दिवसभर बसला. त्याचे कान म्हणजे काय वर्णावे, हत्तीला शोभावेत. आम्ही पदरात तोंड घालून हसलो, आणि आत्यानं त्याला शिकवलं, जणू ती त्यातली पंडित! "हळू हळू, साहेब. मीबी तुमच्यासारखीच हावो." पण हसता हसता तो बघत होता. कोणाचा हात पाण्यासारखा चालतो, कोण सकाळी तेज आणि दुपारी मंद, कोणाच्या पुढ्यात माल कधी साचतो. काही लिहून घेतलं नाही. निघताना म्हणाला, "तुमची पातीची गोष्ट बरोबर आहे. पण शेत उभं राहतं, साखळी राहत नाई. इथी मागं वळून मदत करता येणार नाई. मदत आधीच वाटून ठेवावी लागेल."

मला तेव्हा ते वाक्य कळलं नाही. दोन दिवसांनी कळलं.

त्यानं आम्हाला जुन्या लुगड्यांच्या चिंध्या आणायला सांगितल्या, प्रत्येकीनं आपली. त्या चिंध्या पाळण्यांना आळीपाळीनं बांधल्या. ज्या पाळण्याला तुझी चिंधी तोच तुझा, बाकीचे जाऊ द्यायचे. आत्याची निळी. माझी मिरचीसारखी लाल, आणि त्यावर आत्याचं बोलणं, "शोभते." मग त्यानं चाकाकडच्या पोरांना सांगितलं की सगळे पाळणे सारखे भरायचे नाहीत. हात तेज त्या बायांचे पाळणे गच्च, निळ्या चिंधीचा हलका. आणि आमच्या दोघींच्या मध्ये एक लहानशी मांडणी ठेवली, वर ओलं गोणपाट. कोणाचे कप थोडे मागं राहिलेच, किंवा कान लागून पाळण्याची वाट बघत असले, तर ते त्या ओल्याखाली ठेवायचे. वाळायचे नाहीत, जरा दम धरतात.

अगं माय, केवढं शहाणपण! रोवण्यात आम्ही हेच करायचो की. दणकट बाई रुंद पात धरते, पोटुशीला अरुंद देतात. पण आम्हाला ते शेतातच सुचायचं. कारखान्याच्या दारात आलो की चपलांबरोबर तेही बाहेर काढून ठेवायचो. त्यानं ते उचलून साखळीला टांगलं. पूर्वी एका टोकाला कप तुंबायचे आणि दुसऱ्या टोकाला झिलईवाला भाऊ बिडी ओढत बसायचा. आता माल पाटाच्या पाण्यासारखा एका लयीत चालू लागला. भाऊची बिडी सुटली, त्याबद्दल तो आम्हाला शिव्या द्यायचा.

मॅनेजरला निळी चिंधी खुपली. "हलका पाळणा म्हणजे लाड झाले," तो म्हणाला. इंजिनिअर शांतपणे म्हणाला, "टाकीपाशी कप मोजून घ्या ना. कोणाच्या पाळण्यातून आला ते कपाला ठाऊक नसतं." त्यावर मॅनेजरनं मालकाचं नाव काढलं. मालक पाहतील, मालक ठरवतील. म्हणजे सुरी मानेवरून काढली नव्हतीच, फक्त पोळ्यापर्यंत लांबवली होती.

आत्या रोज घरी आली की कणकेचे कान करून पेल्याला लावायची. चुलीपुढं बसून, पुन्हा पुन्हा. पोळ्याच्या दिवशी पुरणाचाही कान केला. माझा नवरा म्हणाला, "माय, आता बैलालेबी एक लाव." ती हसली नाही. पुसून पुन्हा लावला.

पोळा झाला, दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळा झाला, मालक आले. पांढरे कपडे, सोबत मॅनेजर, मागं इंजिनिअर. साखळी चालू होती. मी मनात म्हणत होते, लक्ष्मीबाई, आज लाज राख. मालक चाकाकडून चालत चालत आमच्या टेबलाशी आले. आत्याचा निळा पाळणा आला. तिनं खालचे कप उतरवले, वर तयार कप ठेवले. कान सरळ होते. पाळणा गेला. मी सुटकेचा श्वास टाकणार तोच मॅनेजर मालकांच्या कानाशी लागला, पण मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं, "हे पाहा, हा अर्धा रिकामाच. म्हाताऱ्या बाईला पोसून राह्यलो आपण."

पोसून! जी बाई कोणाच्या हातचं खात नाही तिला पोसून! मी वळले. हातात कप होता, तो मुठीत चिरडला गेला तेही कळलं नाही. "पोसून कोन राह्यलं? तिच्या डोक्यावर तुमचा कारखाना उभा राह्यला!" असं काहीतरी मी बोलले, बरंच बोलले. इंजिनिअर डोळ्यांनी खुणावत होता. मला वाटलं गप्प बस म्हणतो. तो माझ्या मागं बघत होता.

माझा लाल पाळणा येऊन पुढं चालला होता. खालचे कप तसेच, वरची फळी रिकामी. सगळ्यांत तेज म्हणून सगळ्यांत गच्च भरलेला माझाच पाळणा, आणि तोच नेमका मालकांच्या नाकासमोरून बुच्चा चालला. मी हात लांबवला, पोचला नाही. धावले असते तर कप हादरले असते. माझा चेहरा कसा झाला असेल मला माहीत नाही, पण आतून मी मेले. सासूला वाचवायला निघाले आणि तिच्याच शेजारी माल तुंबवून बसले.

मांडणीवरचं ओलं गोणपाट बाजूला झालं. माझे सकाळचे, कान लावून दम धरायला ठेवलेले कप तिथे होते. आत्यानं भिंतीची फळी घेतली. तीच, जुनी. कप फळीवर मांडले, चुंबळ नाही म्हणून पदराचीच गुंडाळी डोक्यावर ठेवली, आणि निघाली. पळाली नाही. साखळीच्या चालीला चाल लावून ती पाळण्याच्या अंगाअंगानं चालत गेली. एका हातानं डोक्यावरची फळी धरलेली, दुसऱ्या हातानं एकेक कप वरच्या फळीवर. पाळणा हलला नाही. कप हलला नाही. कारखान्यात साखळीचाच काय तो आवाज. टाकीच्या अलीकडे शेवटचा कप चढला, आणि झिलईवाला भाऊ ओरडला, "वाटी नाई, कपच हाये!"

खालचे बुच्चे कप तिनं फळीवर उतरवले, तशीच चालत परत आली, माझ्या पुढ्यात ठेवले आणि आपल्या जागेवर बसली. तिचा निळा पाळणा येत होता. तो तिनं वेळेवर घेतला.

मालक इंजिनिअरला म्हणाले, "ही बाई कोण?"

इंजिनिअर उत्तर द्यायच्या आत आत्याच बोलली, हात न थांबवता. "मी हिची सासू. पात मागं पडली होती तिची." आणि मग मान वर करून, मॅनेजरकडे नाही, थेट इंजिनिअरकडे बघून म्हणाली, "साहेब, उद्यापासून माया पाळण्यात दोन कप वाढवा. हिच्यातले काढा. हिले बोलाले येळ पुरत नाई."

सगळे हसले. मालकसुद्धा. घरी जायचं कोणी, हा विषय मग निघालाच नाही. दुसऱ्या दिवशी निळ्या चिंधीच्या पाळण्यात दोन कप जास्त आले आणि लाल चिंधीच्या पाळण्यात दोन कमी. मी चिडून चिडून कान लावत होते, आणि डोळ्यांतलं पाणी बोटांवरच्या मातीत पडत होतं, म्हणून माती पुन्हा पुन्हा पातळ होत होती. आत्यानं बघितलं, माझ्या मातीच्या वाटीत चिमूटभर सुकी माती टाकली आणि म्हणाली, "कान लाव. पाळना येऊन राह्यला."